आज वाचलं का तिनं?

रघूकाका कॉलेजच्या लायब्ररीच्या पायरीवर बसूनच होते. मृणालने कुलपाला चावी लावली. दहाचा ठोका, हाच माणूस, हाच प्रश्न.

"आज वाचलं का तिनं?"

"बघते काका. आत तर या."

ते आत आले. महिन्याभरात माणूस पार चिपाड झाला होता. गालफडं बसलेली, डोळे तांबारलेले, हात सारखे थरथरत. चौलच्या बाजूला त्यांची सुपारीची वाडी. घरात बाप आणि लेक, दोघंच. ती लेक, एम.ए.ला असलेली जागृती, सव्वीस दिवसांपूर्वी कॉलेजला म्हणून निघाली ती घरी आलीच नाही. मे महिन्यात तिचं लग्न ठरलं होतं. पोलिसांत तक्रार दिली ती मावशीने, कमळने. बाप बिचारा तोंड मिटून ओटीवर बसलेला, असं गाव सांगत होतं.

पोलिसांनी दोन दिवस खाडी धुंडाळली. मग मोरू हवालदार इथे आला. पोरगी लायब्ररीत शेवटची कधी दिसली, एवढंच त्याला हवं होतं. मृणालने डिजिटल लायब्ररीची नोंद उघडली. नाव, पुस्तक, वेळ. जागृती रोज सकाळी एक पुस्तक उघडत होती. नाहीशी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशीही. कालही.

"अहो मॅडम, पोरगी जिवंत आहे की!" हवालदाराने मांडीवर थाप मारली. "बसली असेल मुंबईत मैत्रिणीकडे. कुठून वाचते ते दिसतं का?"

"नाही. ते यात येत नाही."

शोध तिथेच थांबला. गाव निर्धास्त झालं. एकटी मृणाल नाही, कारण ती पुस्तकं उघडत होती मृणाल स्वतः.

त्याचं असं झालं. तपासणीची कमिटी येणार म्हटलं की कॉलेजच्या अंगात येतं. भिंतींना रंग, झाडांना गेरू, आणि वर प्राचार्यांचं फर्मान: "डिजिटल लायब्ररीवर लाखो घातलेत. वापर दिसला पाहिजे." वापरतंय कोण? पोरांना पासवर्ड म्हणून जन्मतारखा दिल्या होत्या, एकानेही बदलल्या नव्हत्या. कंत्राटावरच्या बाईने नाही म्हणायचं तरी कोणाला? मृणाल रोज सकाळी घरी चहा उकळेपर्यंत तीच ठरलेली पंचवीस-तीस खाती उघडायची, प्रत्येकात एक पुस्तक, चार पानं, बंद. ती हजेरीच्या क्रमांकाने जायची. एकशे चौदा म्हणजे कोण, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. मोरूने नाव वाचलं तेव्हा तिला कळलं.

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. पण नोकरी जाईल, पोलिसांना फसवलं म्हणून आत टाकतील, नवरा काय म्हणेल! दुसऱ्या दिवशी रघूकाका दारात उभे. नोंद नाही म्हणून सांगायचं तर छाती होईना. मग तिने तेही खातं पुन्हा उघडलं. आणि रोज उघडत राहिली.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, "तीच हाय कशावरनं?"

"पासवर्ड तिचाच आहे, काका."

ते पांढरेफटक पडले होते. आनंदाने माणसाचं असंही होतं, असं तिला वाटलं. नंतर एकदा म्हणाले, "त्यात तिला काय लिवता येतं का? घरचं, माझ्याविषयी काय?" बाप लेकीच्या चार शब्दांसाठी झुरतोय म्हणून मृणाल घरी जाऊन रडली होती.

काल मात्र कमळमावशी आली आणि तिने मृणालचा हातच धरला. "बाय, खाडीत पुन्ना बघा म्हनते तर पोलीस हसतात माला. पोरगी वाचते म्हनं! आगो, वाचते ती मावशीला एक फोन करत न्हाय?"

रात्रभर मृणालचा डोळा लागला नाही. पोरगी कुठे अडकली असेल, मार खात असेल, आणि आपल्या चार पानांमुळे तिला कोणी शोधत नाही. आज सकाळी तिने एकही खातं उघडलं नव्हतं.

"काका," ती म्हणाली. "आज नाही वाचलं तिनं."

रघूकाकांनी मान वर केली. "न्हाय?"

"कधीच नाही वाचलं. ते सगळं मी करत होते. कमिटीला आकडे दाखवायचे म्हणून. मला माफ करा हो. मी तुम्हाला खोटी आशा लावली."

आता हा माणूस आपल्याला मारेल, नाहीतर इथेच कोसळेल, म्हणून मृणाल खुर्चीला घट्ट धरून उभी राहिली.

"पहिल्या दिसापासनं तूच?"

"मीच."

"एकदा पन ती न्हाय? शपथ घे."

"देवाशपथ, काका. एकदाही नाही. मी आत्ताच पोलिसांना सांगते, ते पुन्हा शोध..."

रघूकाकांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. त्यांच्या हातांची थरथर थांबली होती. महिन्यात पहिल्यांदा ते खुर्चीत नीट टेकून बसले, लांब श्वास सोडला आणि हसले. मग मृणालकडे न बघता, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "तरी मी म्हनतो, चार हात खोल गाडलेलं मानूस पुस्तक कसं वाचंल?"