साडेसहाचा चहा

वीज कंपनीच्या ऑफिसचं शटर अर्धंच वर गेलं होतं, आणि शिवणबाई त्याखालून वाकून आत शिरल्याही. रखवालदार "अहो, अहो" करेपर्यंत त्यांच्या हातात टोकन होतं. नंबर एक.

त्यासाठी त्या सहालाच घर सोडून निघाल्या होत्या. दोन बस बदलल्या. चहासुद्धा घेतला नव्हता, त्यामुळे डोकं ठणकत होतं.

चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे कपडे शिवले होते. डोळे साथ देईनात, तेव्हा पाच महिन्यांपूर्वी मशीन विकलं आणि इस्त्री माळ्यावर टाकली. विजेचं निम्मं बिल त्या इस्त्रीचंच असायचं. तरी बिल खाली यायचं नाव घेईना. मागच्या वर्षी जेवढं, तेवढंच. कुठेतरी पाणी मुरत होतं.

भिंतीवरच्या घड्याळात आठला दहा कमी होते. बाईंनी पिशवीतून मोबाइल काढून हातात धरला. आज लेकाचा फोन येणार, हे नक्की.

लेक दूर, विमानानेच जावं लागेल अशा गावी नोकरीला. वडील गेल्यावर त्यानेच हे नवं मीटर मागवून घेतलं आणि स्वतःच्या मोबाइलला जोडलं. "आई, दर अर्ध्या तासाला किती वीज लागली ते मला तिकडे बसून दिसेल. तू उठलीस, चहा केलास, सगळं कळेल." पण गॅसवरचा चहा मीटरला कुठला दिसायला? म्हणून विजेची किटलीही तोच घेऊन आला. त्या किटलीच्या चहाला ना रंग ना चव. बाई नाक मुरडायच्या, तरी रोज साडेसहाला बटण दाबायच्या. मग आठ-सव्वाआठला मोबाइल थरथरायचा. ‘आई, चहा दिसला. बरं वाटलं.’

मागे त्या तापाने फणफणल्या होत्या. तेव्हाही भिंत धरत धरत जाऊन किटली लावून आल्या. पाण्याला उकळी आली, तशी परत येऊन पडल्या. चहा घ्यायचं त्राण नव्हतं, पण लेकाच्या जिवाला घोर नको.

थोरली बहीण मात्र ऐकायला तयार नव्हती. "वरची खोली झाडून ठेवलीय, ये राहायला. एकटी पडलीस-झडलीस तर ते मीटर येणार आहे का उचलायला?"

"मीटर कशाला? मीटर बघणारा येईल," बाईंनी ठणकावलं होतं.

आज संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं. नाहीतर बहीण ती खोली भाड्याने देणार होती. बाईंचं नाही ठरलेलं होतं.

आज त्याला चहा दिसणार नाही. धाबं दणाणेल बिचाऱ्याचं. आधी कळवावं, असं बसमध्ये दोनदा मनात आलं होतं, पण त्यांनी कळवलं नाही. कितीतरी महिने नुसते ते संदेशच. आज घाबरून का होईना, फोन करेल. आवाज ऐकू येईल. आपल्या या लबाडीचं त्यांना हसू आलं, थोडी लाजही वाटली.

"नंबर एक!"

काउंटरमागे कपाळावर चष्मा चढवलेला कारकून होता. बाईंनी चार बिलं त्याच्यापुढे पत्त्यांसारखी मांडली. "मी वापरली तेवढ्या विजेचं बिल द्या. मागच्या वर्षीचं नको."

कारकुनाने ग्राहक क्रमांक टाकला. चष्मा डोळ्यांवर घेतला. पुन्हा टाकला.

"बाई, तुमचं मीटर गप्प आहे."

"गप्प म्हणजे?"

"सिग्नल तुटलाय. चार महिन्यांत एक आकडा आलेला नाही. ना आमच्या पडद्यावर, ना कुणाच्या मोबाइलवर. मीटर बोललं नाही की कॉम्प्युटर मागच्या वर्षीचा तोच महिना धरून अंदाजे बिल काढतो. हे बघा, लिहिलंय खाली."

खाली खरंच लिहिलं होतं. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात.

बाईंचे कान तापले. एक दिवस उशीर न करता पैसे भरत आलेलं गिऱ्हाईक आपण, आणि यांनी असा केसाने गळा कापावा! शिव्याच ओठांवर आल्या होत्या, पण त्या गिळून बाई सावकाश बोलल्या.

"म्हणजे चार महिने तुम्ही माझ्या घराकडे ढुंकूनही बघितलं नाही. आणि महिन्याच्या महिन्याला कळवत राहिलात, बाई, तुमचं सगळं बघितलं हो!"

"तसं नाही, पण—"

"तसंच. बघायला वेळ नसतो माणसाला, समजू शकते मी. तर सरळ सांगावं, बघितलं नाही म्हणून. मी काही खाल्लं नसतं कुणाला. पण न बघता बघितलं म्हणायचं? बघतंय कुणीतरी, अशा भरवशावर माणूस बसून राहतं हो."

मागच्या रांगेतून कुणीतरी "बरोबर आहे" म्हणालं. कारकुनाने मान खाली घातली. चूक कंपनीची, उद्याच माणूस येईल, मीटर बघेल, जास्तीचे पैसे पुढच्या बिलातून वजा होतील, असं त्याने कागदावर लिहून शिक्काही मारून दिला. बाईंनी कागदाची घडी घातली. बऱ्याच दिवसांनी कुणाला तरी सरळ केलं होतं त्यांनी.

हातातला मोबाइल थरथरला.

"एक मिनिट हं," त्या कारकुनाला म्हणाल्या. आता त्यांचा आवाज मऊ झाला होता. "मुलगा आहे माझा. आज चहा दिसला नाही ना, घाबरला असेल."

फोन नव्हता, संदेश होता. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला.

‘आई, साडेसहाचा चहा दिसला. बरं वाटलं.’