एकोणतीस नंबरचा दात

नूतनने चौथ्यांदा मोजलं. काळ्या रेघा तीनच भरल्या.

फॉर्मवर मात्र बाळंतपणं दोन लिहिली होती. धुळ्याच्या दंत महाविद्यालयात शिकणारी नूतन वर्षभर बायकांच्या काढलेल्या दाढा गोळा करत होती. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप करायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, दाढ कोणाची हे न बघता मुळावरच्या रेघा वाचायच्या आणि मगच फॉर्म उघडायचा. बहुतेक दाढा फॉर्मशी जुळल्या होत्या. एकोणतीस नंबर तेवढा अडून बसला. ‘जुळत नाही तर काढून टाक,’ सर म्हणाले होते. आज संध्याकाळी दाढांची यादी त्यांच्या हातात द्यायची होती. पण ती पहिली रेघ इतकी ठळक होती, की ती फेकून द्यायला नूतनचा हात धजेना.

म्हणून तिने दाढेच्या मालकिणीलाच वर प्रयोगशाळेत बोलावून घेतलं. शिंदखेड्याकडच्या सुगंधाबाई कवळी बसवायला आल्याच होत्या. सोबत त्यांचे यजमान कौतिक आबा, हातात पिशवी धरून.

“अक्का, तुम्हाला मुलं किती झाली?” नूतनने विचारलं.

“दोन,” आबा म्हणाले. “दीपक नी चंदन. बठ्ठा गावले माहीत शे.”

प्रश्न सुगंधाबाईंना होता. मागच्या खेपेला फॉर्मही असाच भरला गेला असणार, हे नूतनला आत्ता उमगलं.

“मग कधी मोठं दुखणं? टायफॉईड वगैरे? त्यानेही रेघ उमटते.”

“तिले काय व्हस? तापबी उना नही कधी.”

नूतनने आबांचा नाद सोडला आणि सुगंधाबाईंना स्टुलावर बसवलं. “इथे डोळा लावा. ही तुमची दाढ.”

मिसरीने काळी पडलेली, किडून पोखरलेली दाढ त्यांना ठाऊक होती. आत दिसलं ते वेगळंच होतं. मधाच्या रंगाचा उजेड, आणि त्यात एकाला एक लागून पट्टे, एक फिका, एक गडद.

“एक जोडी म्हणजे एक वर्ष,” नूतन हळू आवाजात म्हणाली. “झाडाच्या बुंध्यात असतं तसं. दाढ आली बाराव्या वर्षी, तिथून पुढे मोजायचं. हाड मोडून पुन्हा घडतं, हे पुसलं जात नाही. बाळंतपणात शरीराची ओढाताण होते ना, त्या वर्षी रेघ काळी पडते.”

“मी शाळामा गयी नही,” सुगंधाबाई डोळा न हलवता म्हणाल्या, “नी मन्हा दात लिखस?”

नूतनला हसू आलं आणि अंगावर काटाही आला. वर्षभर ती हे रोज बघत होती, पण असं कोणी म्हटलं नव्हतं.

“ही डावीकडची, सव्वीसच्या आसपासची,” ती म्हणाली.

“चंदन.”

“ही तेविसाव्या वर्षाची.”

“दीपक.”

“आणि ही सगळ्यात ठळक, विसाव्याची. एखादं वर्ष इकडेतिकडे. ही कशाची आहे, तेच मला कळत नाही. फॉर्म म्हणतो, काहीच झालं नाही. मग मला हा दात यादीतून काढावा लागेल.”

सुगंधाबाईंचा डोळा काचेवरच होता. नूतनने आबांकडे पाहिलं. त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“पाचवी पुजाई नही त्याले कोन्ही मोजस नही, बेटा,” ते म्हणाले. आवाज मघासारखा ठाम नव्हता.

“चवथा दिनले गयं लेकरू,” सुगंधाबाई काचेत बघतच म्हणाल्या. “पाचवीनी रातले सटवाई येस नी कपाळवर लिखी जास. ती उनीच नही. कोरं कपाळ लई गयं.” मग त्यांनी मान वर केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर नवल होतं. “मंग हाई कोनी लिखं वं माय?”

नूतनकडे याचं उत्तर होतं. पानंच्या पानं वाचली होती तिने. त्यातलं एकही वाक्य तिला या बाईसमोर उच्चारावंसं वाटलं नाही.

“तुम्हीच,” ती एवढंच म्हणाली.

आबा दाराजवळ घुटमळत होते. मग पिशवी खाली ठेवून ते पुढे आले.

“माले दखाड. कोनती रेघ?”

सुगंधाबाई स्टुलावरून उठल्या. आबांनी टोपी मागे सरकवली, वाकले आणि डोळा लावला. खूप वेळ ते हललेच नाहीत. त्यांना नीट दिसत नसेल म्हणून नूतनने चकती फिरवायला हात पुढे केला.

“ऱ्हाऊ दे. दखास माले,” ते म्हणाले. “फॉर्मवर तीन लिख. पोरगी व्हती.”

सुगंधाबाईंनी टेबलाची कड धरली. “यास्ले याद शे!” त्या नूतनला म्हणाल्या. त्या लेकराचा विषय त्या घरात चव्वेचाळीस वर्षं कोणी काढला नव्हता, हे सांगायची गरजच उरली नाही.

आबांनी काचेवरचा डोळा काढला नाही.

“डोकंभर मोक्कार केस व्हतात तिन्हा,” ते म्हणाले.