तीनशे उत्तरं

"तीनशेपैकी तीनशे ठीक. साथ संपली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुपारी दवाखान्याची गाडी पुढच्या गावाला."

प्रोग्रामरने मान डोलावली. आकडे तिच्या ॲपचे होते. गावात कोण कुठे राहतं याची यादी कचेरीकडे नव्हती. कचेरीकडे वेळेला काय असतं? म्हणून ॲपची चिठ्ठी, म्हणजे आपोआप फिरणारा एक निरोप, फोनाफोनांतून फिरायची. ज्या दोन फोनांत एकमेकांचा नंबर, त्यांच्यातच वाट. चिठ्ठी डोळे मिटून एक नंबर उचलायची, तिकडे उडी मारायची. पन्नासावी उडी जिथे पडेल त्याला विचारायची: ताप आहे का? हो म्हटलं की गाडी दारात.

"तुमच्या घरचे बरे आहेत ना?"

"घरचा म्हणजे एकच. मोठा भाऊ. दोन वर्षं बोलणं नाही."

"अहो, मग फोन करा की!"

"मी कशाला? चिठ्ठीला सगळे सारखे. तिच्यापाशी वशिला चालत नाही."

हे ती तोऱ्यात बोलली. डॉक्टरीणबाई हसल्या. "दुसऱ्या कुणाशी तरी जमतं का त्यांचं?"

"दादाचं? तो भिंतीशीसुद्धा भांडेल. सगळ्यांनी त्याचा नंबर पुसला, त्याने सगळ्यांचा. आम्ही दोघांनी तेवढा एकमेकांचा..."

ती मध्येच थांबली.

ॲप तिने स्वतःच्या नंबरवरून गावात सगळ्यांना पाठवलं होतं, दादालाही. प्रत्येक फोनात तिचा नंबर. त्यामुळे चिठ्ठ्या सारख्या तिच्याच फोनवर येऊन पडायच्या. निवड एकतर्फी होते म्हणून पहिल्याच दिवशी तिने स्वतःचा फोन जाळ्यातून काढून टाकला होता. दादाकडे जाणारी वाट त्या एकाच फोनातून होती.

तिने नंबर लावला. नुसता वाजत राहिला.

दादाच्या दाराची कडी आतून होती. गाडीच्या ड्रायव्हरने खांदा मारून दार पाडलं. दादा पलंगाला टेकून जमिनीवर बसला होता. डॉक्टरीणबाईंनी नाडीसाठी मनगट धरलं, आणि हळूच खाली ठेवलं.

त्याच्या मांडीवर फोन होता, चार्जरला लावलेला. तिने उचलला तसा पडदा उजळला. ॲप उघडंच होतं. त्यावर तिनेच लिहिलेली ओळ होती:

‘इथे कुणालाही वगळलं जात नाही. तुम्हालाही विचारलं जाईल. वाट पाहा.’