काडीच्या वाटीतली पावडर

"ताई, काडीला पावडरचं दूध पाजलंस का गं?" आई डुकरांच्या शेडमधून ओरडून विचारायची आणि ताई ओठ पुसत म्हणायची, "हो!"

त्याला तीस वर्षं झाली. आता शेड ताई सांभाळते आणि तिची धाकटी बहीण काडी, अजून तशीच हडकुळी, जनावरांची डॉक्टर आहे. नुकतंच दूध तोडलेल्या पिलांसाठी आज तिने ताकदीची पावडर आणली. सगळ्यांत अशक्त पिलासाठी वेगळी वाटी कालवली, तर एक गुबगुबीत पिलू मध्ये घुसलं आणि वाटी चाटूनपुसून मोकळं झालं.

ताईने त्याला असा धपाटा घातला, की काडीला हसू आलं.

"अगं, त्याचा काय दोष? गोड असते ती."

"माहीत आहे," ताई खाली बघत म्हणाली. "तुझं पावडरचं दूध मीच प्यायचे. म्हणून तू अशी राहिलीस."

काडीने दुसरी वाटी कालवली आणि ते अशक्त पिलू उचलून ताईच्या मांडीवर ठेवलं.

"मला तेव्हाच कळायचं गं. पण दूध प्यायलीस, की तू मला दिवसभर मांडीवरून उतरूच द्यायची नाहीस. म्हणून आईला कधी सांगितलं नाही."