शपथेतलं एक वाक्य

"हो म्हणून टाक," यतीन हळू आवाजात म्हणाला. "फॉर्मॅलिटी आहे गं. चाळिशीतल्या नर्सच्या हातात कोण बंदूक देणार आहे?"

डेट्रॉइटच्या इमिग्रेशन ऑफिसात तो आणि शैलजा, दोघं नवरा-बायको, शेजारी शेजारी बसले होते. नागरिकत्वाचा इंटरव्ह्यू दोघांचाही आजच होता. कायद्याने सांगितलं तर देशासाठी शस्त्र उचलाल का, असा एक प्रश्न त्यात असतो. त्याला आपण श्रद्धेपोटी 'नाही' म्हणणार, हे तिने ट्रॉय उपनगरातल्या घरून येताना गाडीत सांगितलं होतं. तेव्हापासून यतीन तिला समजावत होता. इराकचं युद्ध चालू होतं. त्याच्या कंपनीला अमेरिकन लष्कराच्या ट्रकचं काम मिळालं होतं आणि त्या कामावर फक्त नागरिकांनाच घेणार होते. बायकोच्या उत्तराने आपलीही फाइल अडकेल, ही त्याला धास्ती.

"तूच चर्चच्या संडे स्कूलमध्ये शिकवतेस ना," तो म्हणाला, "बायबलमध्ये पौलाने सांगितलंय, सत्तेच्या अधीन राहा."

"अधीन राहा म्हणाला. खोटं बोला, असं नाही म्हणाला." तिचा आवाज शांत होता. "ते पहिले ख्रिस्ती लोक कर भरायचे. रोमच्या बादशहासाठी प्रार्थना करायचे. फक्त त्याला देव मानून त्याच्या पुतळ्यापुढे चिमूटभर धूप घालायचे नाहीत. त्यांनाही कुणीतरी म्हणालंच असेल, घालून मोकळे व्हा."

"आणि त्यांचं काय झालं? जिवानिशी गेले ना?"

तेवढ्यात तिचं नाव पुकारलं गेलं. ती आत गेली.

यतीन दाराकडे बघत राहिला. समोरच्या बाकावरची माणसं पुटपुटत राष्ट्राध्यक्षांची नावं पाठ करत होती. त्याला सगळी पाठ होती.

शैलजा बाहेर आली तेव्हा तिचे डोळे ओले होते. तो उठून उभा राहिला. "गेलं ना नागरिकत्व?"

"झालं," ती म्हणाली. "मी नाही म्हणाले. मग इंटरव्ह्यू घेणाऱ्या बाईंनी विचारलं, जखमी सैनिकांची शुश्रूषा कराल का? म्हटलं, आत्ताही हॉस्पिटलात करतेच. तर म्हणाल्या, नागरिकत्वाच्या शपथेतलं शस्त्राचं वाक्य तुमच्यापुरतं वगळू. श्रद्धेमुळे ज्यांना ते म्हणता येत नाही, त्यांच्यासाठी कायद्यातच सोय आहे." तिला हसू आलं. "आणि मी सगळं घालवायच्या तयारीने आत गेले होते."

यतीनला आत बोलावलं. टेबलापलीकडे त्याच बाई होत्या. इतिहासाचे, राज्यघटनेचे प्रश्न झाले. त्याने धडाधड उत्तरं दिली. बाईंनी पान उलटलं.

"कायद्याने सांगितलं, तर या देशासाठी शस्त्र उचलाल?"

इथे बहुतेक जण काय म्हणतात, ते बाईंना ठाऊक होतं. त्यांचं पेन 'हो'च्या चौकटीवर आधीच टेकलं होतं.

"मॅडम, एक मिनिट द्याल?" यतीन म्हणाला. "याचा मी अजून विचारच केलेला नाही."