बक्षिसाचा मग

सोनोग्राफीच्या पडद्यावर मधूनच तळाच्या पट्टीत आधीच्या बाईचं चित्र उरायचं. यंत्राचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा प्रोग्रॅम, लिहिणारी इंजिनियर तीन आठवडे त्यापायी मेटाकुटीला आली होती. नोंदी छापणारी ओळ कोडमध्ये घातली की काम संथ व्हायचं आणि दोष गायब. ओळ काढली की स्वारी पुन्हा हजर. "मग राहू दे ना ती ओळ," टेस्टर कंटाळून म्हणाला. "आणि एखादीला दुसरीचंच बाळ दिसलं तर?" तिनं विचारलं. अखेर उमगलं. प्रोसेसर नवं चित्र स्वतःच्या कॅशमध्ये, म्हणजे जवळच्या तात्पुरत्या साठ्यातच, धरून बसत होता आणि ग्राफिक्स चिप बिचारी सामायिक मेमरीतलं जुनंच दाखवत होती. कॅशमधलं चित्र सामायिक मेमरीत उतरवायची आज्ञाच वेग वाढावा म्हणून कुणीतरी काढून टाकली होती. "कुणाचे हे प्रताप?" टेस्टर भडकला. तिनं स्वतःला बक्षिसात मिळालेला मग त्याच्याकडे वळवला. त्यावर छापलं होतं: 'सर्वात वेगवान ड्रायव्हर'.