जिवंत शाई

सकाळी अकरा वाजता दवाखान्यातून फोन आला, शेवंता गेली. निवृत्ती पोहोचला तेव्हा बायकोच्या डाव्या हाताचं पहिलं बोट स्वच्छ होतं. नऊ वर्षं ते काळं होतं.

कंपनीचं घाण पाणी ओढ्यात सोडणारा पंप तिने फोडला, म्हणून तिला सहा महिन्यांची शिक्षा झाली होती. शिक्षा संपली, पण गुन्हेगारांच्या बोटाला लावतात ती शाई राहिली. ती शाई जिवंत असते, माणसाच्या रक्तावर जगते. ती असेपर्यंत मतदार यादीतून नाव आपोआप निघतं आणि मतदान केंद्रावरचं यंत्र मत घेत नाही. तरी दर निवडणुकीला शेवंता नवऱ्याबरोबर केंद्रापर्यंत जायची आणि फाटकाबाहेर उभी राहायची.

"काय वहिनी, तुमचं आधीच झालं वाटतं?" कोणीतरी हमखास विचारायचं.

"माझं पुढच्या जन्माचंपण झालंय," ती म्हणायची.

तेराव्यानंतर मतदार यादीचं काम करणारी तेजश्री घरी आली. तिच्या हातात शेवंताच्या नावाची चिठ्ठी होती.

"काका, काकूंचं नाव परत लागलं! दवाखान्याच्या यंत्राने बोट तपासलं आणि शाई नाही म्हणून कळवलं."

"अगं, ती मेली म्हणून शाई गेली."

तेजश्री ओशाळली. "मृत्यूची नोंद वेगळी असते, काका. नाव काढायला तुम्हाला अर्ज भरावा लागेल."

"जिवंतपणी काढलं तेव्हा कोणी भरला होता अर्ज?"

ती कोरा अर्ज टेबलावर ठेवून निघून गेली.

मतदान होऊन चार महिने झाले. निवृत्तीने तो अर्ज अजून भरलेला नाही.